अधिवेशनाचा दिवस आणि बंद दार

झाशीच्या जुन्या नगरकोटाचा एक दरवाजा खंडेरावाच्या नावाने ओळखला जातो. बुंदेलखंडातल्या या शहरात ते नाव मराठी कानाला घरचे वाटते. नेवाळकरांची राजवट संपून पावणेदोनशे वर्षे होत आली. खंडेराव गेट हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. त्याच कोटाच्या आत नेवाळकरांनी जमविलेला ग्रंथसंग्रह होता. तो राहिला नाही.

त्या संग्रहाची हकीगत वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी सांगितली आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली, तेव्हा ते झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. दूरदूरचे विद्वान येथे येऊन पोथ्या उतरवून नेत, असे ते सांगतात. आणि लुटीत त्याच पोथ्यांची धूळधाण झाल्याचेही सांगतात. यातून एक साधी गोष्ट निघते. जी पोथी कोणी उतरवून नेली होती, ती झाशीबाहेर कोठेतरी जगली असणार. जी बासनातच जपून ठेवलेली होती, ती त्या दिवशी संपली.

ग्रंथालयाच्या विद्येचेही असेच आहे. ग्रंथाचे वर्गीकरण कसे करावे, वाळवीला कसे रोखावे, बुजऱ्या वाचकाला बोलते कसे करावे, हे ज्ञान एकाच माणसाच्या हाती राहिले तर ते त्याच्याबरोबर जाते. म्हणून माणसे परिषदा भरवितात. १९२४ साली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्याच सुमारास तेथे अखिल भारतीय ग्रंथालय परिषदही चित्तरंजन दास यांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९३३ साली कलकत्त्याच्या परिषदेत भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना झाली. अधिवेशनाला जाणारा ग्रंथालय कर्मचारी हा एका अर्थी पोथी उतरवून आणायला निघालेला जुना लेखनिकच होय.

तथापि ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, आणि नैतिक प्रश्न नेमका तेथेच आहे. पोथी उतरवून घेतल्याने मूळ पोथीचे काही उणे होत नसे. अधिवेशनाचे तसे नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यान्वये अनुदान मिळणाऱ्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. त्यांतील लहान ग्रंथालयांचा भार बहुधा एकाच माणसावर असतो. तो दोन दिवस गेला की दाराला दोन दिवस कुलूप. स्पर्धा परीक्षेसाठी रोज येऊन बसणारा मुलगा, वर्तमानपत्राखातर काठी टेकीत येणारे आजोबा, दुपारचे तासभर स्वतःचे म्हणणारी गृहिणी, या सर्वांनी त्या अधिवेशनाचे शुल्क भरलेले असते. त्यांना कोणी विचारलेले मात्र नसते.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे, तर पाचवे ग्रंथालय ही वाढणारी संस्था असल्याचे. पाचव्यासाठी चौथे मोडावे काय? मोडावे लागते, असेच म्हटले पाहिजे. कधीच बाहेर न पडणारा कर्मचारी आजच्या वाचकाशी प्रामाणिक राहतो. पण दहा वर्षांनी येणाऱ्या वाचकाला तो जुनीच नोंदवही पुढे करतो, आणि त्या वाचकाची तक्रार आज कोणी करीत नाही.

मात्र ते मोडण्याचे ऋण कोणाचे? ते एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या कार्यकारी मंडळाने त्याला पाठविले, त्यातील एखाद्या सदस्याने संध्याकाळी दोन तास येऊन बसणे इतके का अवघड असावे? (अध्यक्षांच्या सत्काराला सगळे मंडळ वेळेवर हजर असते.) कर्मचाऱ्याकडे उरते ते एवढेच, की परतल्यावर त्याच्या हातात केवळ कापडी पिशवी आणि स्मरणिका नसावी. लेखनिक रिकाम्या हाताने परतला असता, तर त्याला दुसऱ्यांदा वाटखर्च कोणी दिला असता?

आणखी एक गोष्ट अधिवेशनात सहसा होत नाही. व्यासपीठावर मोठ्या ग्रंथालयांची माणसे बोलतात. ज्यांच्यामागे दार बंद आहे, ते मागच्या रांगेत बसून टिपणे घेतात. बंद दाराविषयी तेच अधिकाराने सांगू शकतील. त्यांना पहिल्याच सत्रात बोलू द्यावे. नाहीतर गाडीची वेळ झाली म्हणून ते शेवटच्या सत्राआधीच उठून जातात, कारण सकाळी कुलूप त्यांनाच काढायचे असते.