पदराची उलटी बाजू

दिवाळीला जनाबियात चार मराठी घरं जमली, की पैठणी येवल्याची खरी की पैठणची, हा वाद ठरलेला. तुमच्याकडेही होत असेल. खरं तर २०१० साली मिळालेलं भौगोलिक मानांकन दोन्ही गावांना लागू आहे. दोघांची खरी स्पर्धा यंत्रमागाशी आहे.

हातमागावर पदराचा मोर रंगारंगाचे धागे हाताने गुंफून विणतात, म्हणून तो उलट्या बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. यंत्रमागाच्या पदरामागे मोकळे धागे सुटलेले असतात. वाद घालणाऱ्या आपल्यापैकी किती जण पदर उलटून दाखवतील?

इथून जवळच बनी जमरा हे विणकरांचं जुनं गाव आहे. तिथेही आता मोजकेच माग चालतात. अभिमान सगळ्यांनाच असतो, पण त्यावर विणकराचं घर चालत नाही.

यंत्रमागाची साडी घेण्यात गैर काही नाही. प्रत्येकाची ऐपत सारखी नसते. आमच्या घरीही तीच आहे. पण तिला हातमागाची पैठणी म्हणून मिरवलं, की विणकराच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचं श्रेय आपण फुकट वापरतो. महाग साडी परवडली नाही, तरी खरं सांगणं परवडतं. पुढच्या दिवाळीला कुणी विचारलं, तर आधी पदर उलटून दाखवा, मग गावावरून खुशाल भांडा.