बॅकअप यशस्वी

नालासोपारा पूर्वेला दोन भावांचा इंटरनेटचा धंदा. आधी केबल टीव्ही, मग फायबर. तळमजल्यावरच्या गाळ्यात, रॅकमध्ये, सगळ्या नेटवर्कवर नजर ठेवणारा एक डबा. कुठल्या इमारतीत कोणता स्विच, त्याचा आयपी काय, पासवर्ड काय, कुणाला किती स्पीड, सगळं त्याच्या डेटाबेसमध्ये. रोज रात्री दोनला बॅकअप व्हायचा आणि थोरल्याच्या मोबाइलवर मेल यायचा : 'बॅकअप यशस्वी'. तेवढं वाचून तो कूस बदलायचा. आळशी म्हणावं तर भर पावसात शिडी लावून खांबावर चढणारा माणूस.

धाकट्याने गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची हकिगत वाचली होती. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड उपयोगी पडली नाही. एक तर आवृत्ती जुळत नसल्याने गुपचूप फसत होती आणि फसल्याचे मेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं.

"दादा, आपली फाईल एकदा लावून बघू या."

"रोज मेल येतो ना? मग चालू गाडीला हात कशाला लावतोस?"

वडील भुईगावहून आले होते. ते म्हणाले, "कणगी भरलेली आहे म्हणून बी उगवतंच असं नाही. पेरणीआधी मी ओल्या फडक्यात मूठभर दाणे बांधून बघतो."

थोरला काही बोलला नाही. धाकट्याने अडगळीतून जुना डबा काढला. त्या डब्याने फाईल घेतलीच नाही, सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी होती. आवृत्ती जुळवली, डेटाबेस आला, पण स्विचचे पासवर्ड उलगडेनात. ते उलगडणारी किल्ली बॅकअपमध्ये येतच नव्हती. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट, बॅकअपच्या फाईली साठत होत्या त्याच डब्याच्या डिस्कवर! डबा गेला की त्याही गेल्या. दीड वर्ष 'यशस्वी' म्हणून येणारे मेल खोटे नव्हते. फाईल लिहिली गेली, एवढंच ते सांगत होते.

धाकट्याने किल्लीची प्रत घेतली, आवृत्तीचा क्रमांक कागदावर लिहिला आणि रोजची फाईल विरारला बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाईल अशी सोय केली.

जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं. रुळांवर पाणी आलं, विरारची लोकल बंद पडली. गाळ्यातलं पाणी ओसरल्यावर डबा उघडला तर आत चिखल. वीज आल्यावर दोघांनी दुसरा डबा आणला. थोरला कागद वाचत होता, धाकटा टाइप करत होता : आधी आवृत्ती, मग किल्ली, मग फाईल. जे स्विच पाण्यातून वाचले होते, ते संध्याकाळी यादीत हिरवे दिसू लागले.

आता दर तीन महिन्यांनी एका रविवारी जुन्या डब्यावर रिस्टोअर करून बघतात. तारीख थोरला ठरवतो.