बाहुल्यांची भिशी

दिंडीत नाव घातलं की आधी भिशी भरावी लागते. ट्रकचं भाडं, राहुट्या, पाण्याचा टँकर, आचाऱ्यांची मजुरी, वाटेवरचा शिधा हे सगळं त्या पैशातून भागतं. बागायतदार असो की मोलमजुरी करणारी म्हातारी, वाटा देऊन दोघंही एकाच पंगतीला बसतात. वाटेतल्या गावांनी भाकरी-पिठलं घेऊन यावं ते अन्नदान, त्याचं मोल आहेच. पण दिंडी उभी राहते ती चालणाऱ्यांच्या भिशीवर. ही रीत पंढरपुरात आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. तीच रीत आणखी एका कामासाठी वापरावी, असं मला फार वाटतं.

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजातली काही घरं पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात आणि चित्रकथी सांगतात. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रांची पोथी. वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र समोर धरून कथा गायची. आपल्या कीर्तनाला ही कला परकी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत सूत्रावर हलणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत येतो. सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्याला तो उलगडून सांगावा लागला नसणार, इतका हा खेळ ओळखीचा होता.

पिंगुळीच्या कलाकारांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता आणि देवळांतल्या उत्सवांत खेळ करण्याची परंपरा होती. कोणत्या देवळात कोणी खेळ करायचा हे ठरलेलं असे. वर्षाची बेगमी पुरती होत नसेल, पण आपल्याला बोलावणार याची खात्री तरी होती. संस्थानं गेली, उत्सवात आधी नाटक आणि मग ऑर्केस्ट्रा आला, आणि ती खात्री संपली. तरीही याच गावातले कलाकार परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आनंद झाला. रामदास पाध्ये यांच्या वडिलांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला रंगमंच आणि पुढे दूरदर्शन लाभलं, म्हणून तो घराघरांत पोहोचला. पिंगुळीच्या बाहुल्यांना तेवढं मोठं अंगण मिळालं नाही.

सन्मान झाला की आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि आपलं काम झालं असं समजतो. कोकणातल्या पावसात मात्र चामड्याला आणि कागदाला ओल धरतेच. बाहुल्या दुरुस्त कराव्या लागतात, नवी चित्रं काढावी लागतात, छप्पर शाकारावं लागतं. सगळ्यात मोठा खर्च तर कुठे दिसतच नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं दोन-तीन वर्षं बाहुली हातात धरून शिकायची, तर तेवढ्या काळात त्याच्या घरी चूल कशी पेटायची? या प्रश्नापाशी परंपरा तुटतात. एका मोठ्या देणगीनं इमारत होते, शिकणारा टिकतो तो दर महिन्याला येणाऱ्या लहान रकमेवर. म्हणून मी देणगीपेक्षा भिशी म्हणतो. पन्नास घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर पाच हजार होतात, आणि एका शिकणाऱ्या मुलाला त्यांचा खरा आधार होऊ शकतो.

इथे देणाऱ्याची परीक्षा असते. पैसे दिले की पडद्यावर माझं नाव हवं, आख्यान अर्ध्या तासात उरकायला हवं, मध्येच आमच्या संस्थेची जाहिरात हवी, असं मन म्हणू लागतं. दिंडीची भिशी भरणारा अभंग कोणता म्हणायचा ते ठरवत नाही. हिशेब मात्र विचारावा, आणि नि:संकोच विचारावा. पावती घ्यावी, वर्षाचा जमाखर्च मागावा, एका घराकडे आलेला पैसा गावातल्या इतर कलाकार घरांपर्यंत पोहोचतो का, हेही पाहावं. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्यांचा कारखाना किंवा कंपनी मोठी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की कंपनी कायद्यानं सामाजिक कामावर जो नफ्याचा दोन टक्के वाटा खर्चायचा असतो, त्यात पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट नमूद आहे.

माणसं उपाशी असताना बाहुल्यांवर पैसे कशाला, असं कोणी विचारील. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर मला गाडगेबाबांच्या आयुष्यात दिसतं. त्यांनी लोकांच्या पैशातून पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, आणि चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. संस्थांवर आपल्या नातलगांचा कसलाही हक्क राहू नये, याची काळजी त्यांनी घेतली. आणि भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र हा विचार त्यांनी लोकांच्या मनात उतरवला तो कीर्तनातून, म्हणजे एका कलेतूनच. जी कला माणसाला दुसऱ्याचं दु:ख दाखवते ती भाकरीच्या विरुद्ध बाजूला उभी नसते. बाहुलीचा वनवास पाहताना रडलेलं मूल शेजारच्या उपाशी मुलाकडे नुसतं बघत राहील, असं मला वाटत नाही.

कलाकाराला फुकट बोलावणं हा आपल्या गावोगावचा जुना दोष आहे. तुमची प्रसिद्धी होईल, असं सांगितलं जातं. सहा माणसं, पेट्या, पडदा, वाद्यं घेऊन घाट चढून यायचं, रात्र जागवायची, आणि निघताना हातात नारळ. देवाच्या दारात खेळ केला म्हणून मोबदला मागू नये, ही अपेक्षा आपण फुलवाल्याकडून करत नाही, मंडपवाल्याकडून करत नाही.

कार्तिकीच्या आधी पंढरपुरातल्या चार शाळा आणि दोन-तीन मठांनी मिळून ठरवलं, तर पिंगुळीचा एक संच आठवडाभर इथे राहू शकेल. दिवसा मुलांनी बाहुल्या हाताळायच्या, रात्री मठात आख्यान व्हायचं. राहायला मठातल्या खोल्या आहेत, जेवायला पंगत आहे. चित्रकथीची चित्रं विकत घ्यायची असतील त्यांनी ती थेट कलाकारांकडून, सांगितलेल्या किमतीला घ्यावीत, घासाघीस करू नये. प्रवासखर्च आणि अर्धं मानधन आधी पाठवावं. उरलेलं अर्धं शेवटच्या खेळाच्या रात्रीच, बाहुल्या पेटीत ठेवण्याआधी द्यावं.