सातही वार सारखेच

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत काय किंवा नव्या वस्तीत काय, संध्याकाळी दूरचित्रवाणी संच सुरू झाला की वाहिन्यांचा तुटवडा कुठेच जाणवत नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक 'ट्राय'ची नवी दरपद्धती लागू झाली, तेव्हा कर वगळून महिना 130 रुपयांच्या मूळ आकारात शंभर वाहिन्यांची सोय होती. मात्र मराठी मनोरंजन वाहिन्यांवर सोमवार ते शनिवार, सात ते साडेदहा या वेळात काय असते ते पाहिले, तर दर अर्ध्या तासाला बहुतेक एकच गोष्ट भेटते: लग्न, त्यातला संशय, घरातले कारस्थान आणि उद्यावर ढकललेला उलगडा. सोमवारी जे असते तेच मंगळवारी आणि तेच शुक्रवारी. एकेकाळी दूरचित्रवाणीच्या आठवड्यात प्रत्येक वाराला स्वतःचा चेहरा होता. वाहिन्या वाढल्या आणि तो चेहरा पुसला गेला. कार्यक्रमांची विविधता पुरवठ्यातून आपोआप येत नाही, ती कोणीतरी हेतुपूर्वक रचावी लागते आणि अशी रचना करण्याची जबाबदारी सध्या कोणीच घेत नाही, असे माझे म्हणणे आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या दीड दशकातल्या कार्यक्रमांची नुसती नावे घेतली तरी आठवड्याचा घाट लक्षात येतो. 'आमची माती आमची माणसं' शेतीविषयी होता, 'प्रतिभा आणि प्रतिमा' साहित्य-कलांविषयी, 'गजरा' हलक्याफुलक्या प्रहसनांचा, 'किलबिल' मुलांचा, 'छायागीत' चित्रपटगीतांचा. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'भोवती तर गावोगावी प्रेक्षकांची मंडळे उभी राहिली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव गुंड्याभाऊ' आली. पुढच्या आठवड्यात काय दिसणार हे सांगणारा 'साप्ताहिकी' हाही एक स्वतंत्र कार्यक्रमच होता. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रमात मालिका आल्या, त्यातल्या बऱ्याच आठवड्यातून एकदा दिसणाऱ्या आणि तेरा भागांच्या हिशेबात बांधलेल्या होत्या. 25 जानेवारी 1987 ला सुरू झालेले 'रामायण'ही रविवार सकाळपुरतेच होते. एका गोष्टीने आठवड्याचा एकच वार व्यापायचा, असा हा शिरस्ता होता. उरलेले वार आपसूक दुसऱ्या कशासाठी तरी मोकळे राहत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही विविधता मक्तेदारीतून आलेली होती. दुसरी वाहिनीच नसल्यामुळे शेतीचा कार्यक्रम शहरातल्या माणसालाही पाहावा लागे आणि तो त्याबद्दल कुरकुरतही असे. शिवाय हा आठवडा रचला जाई तो मुंबई-दिल्लीत. 1984 च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. पण त्यांच्या टप्प्यातल्या गावांना आधी मिळाला तो उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम. वऱ्हाडाची बोली, इथली पऱ्हाटी, वरूड-मोर्शीचा संत्रा, मेळघाटातले कुपोषण हे त्या आठवड्यातही क्वचितच दिसले. हे सगळे मान्य करूनही मिश्र आठवडा केवळ सरकारी सक्तीतूनच येतो, असे मात्र ठरत नाही. उलट पुरावा खासगी वाहिनीचाच आहे. 15 ऑगस्ट 1999 ला सुरू झालेल्या 'अल्फा मराठी'च्या पहिल्या काही वर्षांत 'आभाळमाया'सारखी कौटुंबिक मालिका होती, तशीच मराठी कादंबऱ्यांवर आधारलेली 'पिंपळपान' होती, 'घडलंय बिघडलंय'मधला राजकीय उपहास होता, 'नक्षत्रांचे देणे'मधला साहित्य-संगीताचा सोहळा होता. आठवड्यातून एकदा येणारी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' 2001 पासून पुढची काही वर्षे लोकांनी मनापासून पाहिली. त्या काळातही वाहिनीला जाहिराती लागतच होत्या. याचा अर्थ बाजार आणि विविधता यांचे जन्मजात वैर नाही.

मग बिनसले कुठे? दैनंदिन मालिका ही खासगी वाहिन्यांची निर्मिती नव्हे. हिंदीत 'शांती' 1994 मध्ये दूरदर्शनवरच आली आणि मराठीत 'दामिनी'ही दूरदर्शनचीच. पण तेव्हा दैनंदिन मालिकांचा मुक्काम मुख्यतः दुपारच्या वेळेत होता. जुलै 2000 मध्ये 'स्टार प्लस'वर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. तिच्या यशानंतर हा घाट रात्रीच्या मुख्य वेळेत पक्का झाला आणि मराठी वाहिन्याही हळूहळू त्याच वाटेने गेल्या. यामागचे अर्थकारण साधे आहे. एकदा घराचा सेट उभारला, नट करारबद्ध केले की रोजच्या बावीस-तेवीस मिनिटांचा खर्च शेकडो भागांवर विभागला जातो. तेरा भागांत संपणाऱ्या गोष्टीला दर वेळी नवा सेट, नवी पात्रे आणि नवा प्रेक्षक जमवावा लागतो. त्यात मोजणीची भर पडली. 2015 पासून प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क'चे आकडे आठवड्यागणिक येतात आणि त्या हिशेबात महाराष्ट्र व गोवा ही मिळून एकच बाजारपेठ धरली जाते. अशा मोजमापात बडनेऱ्याचा प्रेक्षक ठाण्याच्या आणि पणजीच्या प्रेक्षकात मिसळून जातो. त्याला वेगळे काही हवे आहे का, हा प्रश्न त्या तक्त्यात विचारलाच जात नाही. आठवड्याला निकाल लागणार असेल, तर सहा महिन्यांनी रुजणारा कार्यक्रम पेरायला कोणी धजत नाही.

दुसरा आक्षेप असा की लोकांना हेच आवडते आणि या मालिकांनी प्रादेशिक रंगही आणले. यात तथ्य आहे. 'रात्रीस खेळ चाले'ने कोकण आणि मालवणी घराघरांत नेली, 'लागिरं झालं जी'ने साताऱ्याचे सैनिकी घर दाखवले. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरकडची बोली बोलत मुंबईत निभावून गेली आणि भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडीला विनोदाच्या मंचावर मोठा मान मिळवून दिला. पण बोली आली म्हणजे त्या मुलखाचे सगळे जगणे आले असे होत नाही. वऱ्हाडी हसवायला येते किंवा भोळ्या, सोशिक सुनेच्या तोंडी येते. तिच्यात गंभीर वाद, गुन्ह्याचा तपास किंवा कापसाच्या भावाची चर्चा जवळपास ऐकू येत नाही. एकाच साच्यात सगळे प्रदेश ओतले की उच्चार तेवढे बदलतात, गोष्ट तीच राहते. आणि आवडीचे म्हणाल, तर समोर ठेवलेल्या सात सारख्या गोष्टींतून एक निवडली म्हणून माणसाने आठवी नाकारली असे सिद्ध होत नाही. 'टिपरे' पाहणारा आणि आजची मालिका पाहणारा प्रेक्षक बऱ्याच घरांत एकच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. आता मोबाइलवर सगळेच मिळते, ज्याला जे हवे ते त्याने पाहावे. आठवडा रचून देणारा हा कोण उपटसुंभ? शेतकऱ्यासाठी मे 2015 पासून 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी आहे, मुलांच्या वेगळ्या आहेत, बातम्यांच्या तर विचारूच नका. परंतु उपलब्ध असणे आणि समोर येणे यांत मोठा फरक आहे. स्वतंत्र वाहिनीने शेतकऱ्याची सोय केली, पण शेतीचा विषय बिगरशेतकऱ्याच्या नजरेआड केला. त्यातून ती राष्ट्रीय वाहिनी हिंदीचा आधार घेऊन चालणारी. मोबाइलची शिफारस-यंत्रणा आपण काल पाहिले त्याच्याच जवळचे आज पुढे करते. गुन्हेकथा पाहणाऱ्याचा आठवडा गुन्ह्यांचा होतो, भजन ऐकणाऱ्याचा भजनाचा. बडनेरा जंक्शनच्या फलाटावर अमरावतीला जाणारा, भुसावळकडचा आणि नागपूरकडचा प्रवासी एकाच बाकावर टेकतात, ते एकमेकांना निवडून आलेले नसतात. मिश्र आठवड्याचे कामही असेच असते. न मागितलेली गोष्ट कानावर पडल्याखेरीज मागणी बदलत नाही. ज्याने कधी वाङ्मयीन मुलाखत पाहिलीच नाही, तो तिचा शोध घेईल कशाच्या आधारावर? आवड हे निवडीचे कारण असते तसे तिचे फळही असते, आणि म्हणूनच समोर काय ठेवले जाते हा सार्वजनिक प्रश्न ठरतो.

यावरचा उपाय जुने दूरदर्शन परत आणण्यात नाही. ते शक्यही नाही आणि त्याचे केंद्रीकरण पाहता इष्टही नाही. खासगी वाहिनीने तोटा सोसून संस्कार करावेत, ही अपेक्षाही भाबडी आहे. पण प्रसार भारती ही कायद्याने लोकसेवेसाठी उभारलेली संस्था आहे आणि तिच्या हातात मराठीसाठी सह्याद्री वाहिनी आहे, नागपुरात केंद्र आहे. तिने रोज रात्रीचा एकच तास राखावा: सात वारांना सात प्रकार, प्रत्येक गोष्ट तेरा भागांत संपणारी, आणि त्यातला एक वार कायम विदर्भात लिहिलेल्या व विदर्भातच चित्रित केलेल्या कामासाठी. त्या वारी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या संशोधनावर माहितीपट दाखवता येईल, वऱ्हाडीतली रहस्यकथा दाखवता येईल, दोन्हींचा खर्च एका लांबलचक मालिकेपेक्षा कमीच राहील. या तासाचा निकाल आठवड्याच्या आकड्यावर न लावता वर्षाच्या शेवटी लावावा, आणि किती जणांनी पाहिले याबरोबर कोणत्या नव्या लेखकाला, बोलीला, विषयाला जागा मिळाली हेही मोजावे. प्रेक्षक कमी लाभला तर तो प्रकार बदलावा, पण त्याच्या जागी उरलेल्या सहांपैकी एकाची नक्कल बसवू नये. एवढी एक अट पाळली, तरी निवडीचे स्वातंत्र्य या शब्दांना सध्या नसलेला आशय मिळेल. कारण निवडायला निदान दोन निरनिराळ्या गोष्टी समोर असाव्या लागतात.