गीत आणि गीतकाराचे नाव

एखादे गीत इतके लोकप्रिय व्हावे की त्याच्या कर्त्याचे नावच लोकांनी विसरावे, हा कर्त्याचा गौरव समजावा की लोकांचा कृतघ्नपणा? १९५३ साली 'देवबाप्पा' या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले मोराचे गाणे ऐकले की हा प्रश्न मनात उभा राहतो. पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली, आशा भोसले यांनी ते गायिले. आणि आज पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वसाहतींतही पाळीवरून परतलेला बाप ते आपल्या लेकराला म्हणून दाखवितो. गाण्यातला मोर त्यास ठाऊक असतो. माडगूळकर ठाऊक असतातच असे नाही.

कोणी म्हणेल, यात वाईट ते काय? जात्यावरच्या ओव्या कोणी रचिल्या हे आपणांस माहीत नाही. म्हणून त्यांची गोडी कमी झाली काय? हा युक्तिवाद मोहक खरा, परंतु त्यात एक गफलत आहे. ओव्या रचणाऱ्या स्त्रियांची नावे कोणी टिपून ठेविली नाहीत, ही हानी होती. तिलाच आपण आदर्शाचे रूप देतो. उलट, ज्या तुकोबांनी अहंकार जाळला, त्यांनीही अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेविली. मला वाटते, ती मिरविण्यासाठी नव्हती. शब्दाचा जबाबदार धनी कोण, हे सांगण्यासाठी होती. चित्रपटगीताच्या कर्त्यास ही सोय नाही. प्रसंग कथेचा, चाल संगीतकाराची, कंठ गायिकेचा. त्याचे नाव गीतात गुंफण्यास जागाच नसते. तेव्हा ते सांभाळण्याचे काम ऐकणाऱ्यावर येते.

शिवाय मुलांसाठी लिहिणे सोपे, अशी आपली समजूत असते. 'गीतरामायणा'ची ५६ गीते म्हटली की आपण माना डोलावितो. मोराचे गाणे मात्र कवीचा विरंगुळा समजतो. वस्तुतः चार वर्षांच्या मुलाच्या जिभेस अडेल असा एकही शब्द येऊ न देणे, आणि तरीही पावसाचे सारे चैतन्य त्यात उतरविणे, यास थोडी साधना लागत नाही. श्रम दिसू नयेत हाच त्या श्रमांचा हेतू. आणि म्हणूनच आपण ते विसरतो. या औद्योगिक पट्ट्यातील वाचकास हे निराळे सांगावयास नको. येथून बाहेर पडणाऱ्या मोटारीवर कारखान्याचे नाव असते. तिचे भाग पारखून बसविणाऱ्या हातांचे नसते.

आपल्या परंपरेत ऋषिऋण ही मोठी अर्थपूर्ण कल्पना आहे. ते ऋण द्रव्याने नव्हे, अध्ययनाने फिटते. माडगूळकर १९७७ साली निवर्तले. आपल्या स्मरणाने त्यांस आता काही मिळावयाचे नाही. लाभ व्हावयाचा तो मुलाचा. गाणे संपल्यावर ते कोणी लिहिले एवढे जरी त्याच्या कानी पडले, तरी गोड वस्तू आकाशातून पडत नाहीत, कोणीतरी त्या कष्टाने घडवितो, हे त्यास उमगेल. असे मूल पुढे आपल्या ताटातील भाकरीमागचे हातही सहसा विसरणार नाही.