पहाऱ्याला बदली नाही



गावात अखंड हरिनाम सप्ताह बसायचा म्हटले की आधी पहाऱ्याची यादी होते. यादीत नाव घालायला काही लागत नाही. पारावर बसल्या बसल्या नावे सांगितली जातात, कुणी तर भावाचेही नाव त्याला न विचारता घालून मोकळा होतो. खरी गोष्ट कळते ती रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला. गळ्यातली वीणा खाली ठेवायची नाही, पुढचा येऊन ती घेईपर्यंत उभे राहायचे, हा नेम. पुढचा झोपून राहिलाच, तर कुणीतरी दुसरी माउली त्याच्या जागी उभी राहते आणि सप्ताह अखंड राहतो. बदली मिळते, हे मनात कुठेतरी ठाऊक असते.

जिथे ऐनवेळी बदली मिळत नाही अशाही एका यादीत आपल्या घरातली तरुण मुले आजकाल नाव घालू लागली आहेत. महाविद्यालयात, कंपनीत, कधी गावच्या शिबिरात एक फॉर्म भरून घेतात, गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात आणि झाले. घरी येऊन मुलगा सांगतो, ‘बोन मॅरो डोनर झालो.’ आईच्या पोटात गोळा येतो. मला एका माउलीने कीर्तनानंतर बाजूला घेऊन विचारले होते, ‘महाराज, माझ्या पोराचे हाड पोखरतील का हो?’

पोखरत नाहीत. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून आधी जे घडते ते सांगतो.

आपल्या मोठ्या हाडांच्या आत मज्जा असते आणि रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी तिथे राहतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडतो. तेव्हा दुसऱ्या निरोगी माणसाच्या मूळपेशी रोग्याला देतात. आपल्या देशात हे पहिल्यांदा यशस्वी झाले १९८३ साली, मुंबईच्या टाटा रुग्णालयात, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून. इथे रक्तगट जुळला नाही तरी चालते, एचएलए नावाच्या पेशींवरच्या खुणा मात्र जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अलीकडे आईवडील किंवा मुलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरही काम भागवता येते, पण प्रत्येकाच्या बाबतीत तो मार्ग सोयीचा नसतो. ज्याच्या घरात कुणी जुळत नाही, त्याच्यासाठी अनोळखी दात्यांच्या याद्या आहेत. आपल्याकडे दात्री, डीकेएमएस अशा संस्था हे काम करतात. साऱ्या जगातली नावे मिळून चार कोटींच्या वर गेली आहेत, त्यात आपल्या देशाचा वाटा फार थोडा आहे.

नाव घातलेल्या बहुतेकांना कधीच बोलावणे येत नाही. एखाद्याला दोन महिन्यांत येते, एखाद्याला आठ वर्षांनी. बोलावणे आले की पुन्हा रक्त तपासतात, दात्याची सगळी तपासणी करतात. त्यात त्याच्या जिवाला धोका दिसला तर त्यालाच नको म्हणतात. मग पाच दिवस रोज इंजेक्शन. त्याने मूळपेशी वाढून हाडातून रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर, पाठ, मांड्यांची हाडे ठणकतात, डोके जड होते, ताप येणार असे वाटते. दिवेघाट चढून सासवडला पाठ टेकल्यावर जे अंग बोलते, त्याच जातीचे हे दुखणे, फक्त आतून. साध्या वेदनाशामक गोळीने बहुधा भागते आणि दान झाल्यावर काही दिवसांत ते ओसरते. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूळपेशी वेगळ्या होतात, उरलेले रक्त दुसऱ्या हाताने परत येते. चार-पाच तास पडून राहायचे. कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

दुसरी रीत जुनी आहे आणि आता कमी वेळा वापरतात. पूर्ण भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत. कण्यातून काढतात ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की ती दहादा खोडली पाहिजे. काही दिवस कंबर दुखते. दिलेली मज्जा चार ते सहा आठवड्यांत शरीर भरून काढते. भुलेचा जो थोडा धोका असतो तो इथेही आहे, आणि इंजेक्शनच्या रीतीत क्वचित कुणाच्या प्लीहेला इजा झाल्याची नोंद आहे. धोका शून्य आहे असे कुणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो फार थोडा आहे, एवढे खरे.

शिबिरात भाषण करणारे इथे हमखास दधीची ऋषींना आणतात. मला ते पटत नाही. दधीचींनी देह ठेवला, परत काही मिळवले नाही. आपले दिलेले महिना-दीड महिन्यात भरून येते. लहान गोष्टीला एवढा मोठा मुकुट घातला की देणारा फुगतो आणि त्याची आई घाबरते.

पण एक गोष्ट खरोखर मोठी आहे आणि भाषणात ती फारशी येत नाही. दात्याच्या पेशी येण्याआधी साधारण आठवडाभर रोग्याला अतिशय तीव्र औषधे देतात, कधी किरणोत्सारही. त्याची स्वतःची मज्जा मुद्दाम नष्ट करतात. नवे बी पेरण्यासाठी जुने रान पूर्ण जाळावे लागते. ते जळाले की त्या माणसाला माघारी यायची वाट उरत नाही. नेमक्या त्या वेळी दात्याने पाऊल मागे घेतले, तर दुसरा दाता शोधायला वेळ कुठून आणायचा? रोगी बहुधा जातो.

आणि नियम असा आहे की दाता अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ‘नाही’ म्हणू शकतो. त्याच्यावर कुणी बळजोरी करू शकत नाही. देह त्याचा आहे. हा नियम योग्यच आहे, जबरदस्तीने घेतलेल्याला दान कोण म्हणेल?

मग माउली, प्रश्न असा: नियमाने जो मोकळा आहे, तो धर्माने मोकळा आहे का?

माझे मत सांगतो. फॉर्म पुढे आला तेव्हा ‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्याला कसलाही दोष नाही. बोलावणे आल्यावर, दुसरी तपासणी होण्याआधी स्पष्ट नकार देणाराही प्रामाणिक आहे, संस्था दुसरीकडे शोध घेऊ शकते. ताप आला, गर्भ राहिला, आजार निघाला, तिथे तर बोलणेच नको. मला खटकतो तो फोन न उचलणारा. तो नाहीही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही, आणि त्याच्या त्या गप्प बसण्यात रोग्याचे दिवस जातात. आणि रोग्याचे रान पेटवल्यानंतर केवळ भीतीपोटी मागे फिरणाऱ्याला मी मोकळा म्हणू शकत नाही. त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून दुसऱ्या माणसाने आपल्याजवळचे सगळे जाळून टाकलेले असते. रोग्याचे तोंड आपण पाहिलेले नाही, म्हणून शब्द हलका होत नाही.

तरी त्या मुलावर सगळा दोष टाकू नये. आपल्या घरांत देह एकट्याचा नसतो. बोलावणे येते तेव्हा आई रडते, सासरा म्हणतो ‘उद्या काही झाले तर कोण बघणार’, बायको उंबऱ्यात उभी राहते. हे प्रेमच आहे, त्याला अडाणीपणा म्हणून हिणवू नये. पण हे रडणे व्हायचे तर फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री व्हावे. घरच्यांना न सांगता घातलेले नाव म्हणजे भावाचे परस्पर लावलेले पहाऱ्याचे नाव.

आणखी एक अवघड गोष्ट. संतांनी आपल्याला वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायला शिकवले, तिथे जात विचारली नाही. पण एचएलएच्या खुणा आईबापांकडून येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच सोयरीक करत आल्यामुळे त्या खुणा समाजासमाजात वेगळ्या जमल्या आहेत. त्यामुळे जुळणारा माणूस त्याच समाजात सापडण्याची शक्यता जास्त. हे ऐकून कुणी जातीचा अभिमान काढू नये. आपण घातलेली कुंपणे रोग्याच्या वाट्याला कशी येतात, याचा तो हिशेब आहे. ज्या समाजातली नावे यादीत नाहीत, त्यांच्या लेकरांनी शोधायचे कुठे? आपल्या दिंड्यांत जितके समाज चालतात, तितक्या साऱ्यांतली नावे तिथे हवीत. आणि गंमत पाहा, पेशी रुजल्या की काही महिन्यांत रोग्याचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. कुणाचे रक्त कुणाच्या अंगात वाहते आहे, हे मग कोणत्या वहीत लिहायचे?

देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव सुरुवातीला सांगत नाहीत. काही देशांत वर्ष-दोन वर्षांनी दोघांच्या संमतीने भेट होते, काही देशांत कधीच नाही. पैसेही मिळत नाहीत. आणि एवढे करूनही रोगी वाचेलच असे नाही. मग दिलेले वाया गेले का, असे एका तरुणाने मला विचारले. मी त्याला शर्ली नोलन या आईची गोष्ट सांगितली. तिचा अँथनी जन्मापासून आजारी. त्याच्यासाठी तिने १९७४ साली अनोळखी दात्यांची यादी सुरू केली, जगातल्या अशा पहिल्या याद्यांपैकी ती एक. अँथनीला जुळणारा कुणी मिळाला नाही. १९७९ साली, आठव्या वर्षाच्या आत तो गेला. यादी त्याच्या नावाने आजही चालू आहे आणि परक्यांची लेकरे तिच्यामुळे वाचली आहेत. तो तरुण काही बोलला नाही, मीही पुढे काही जोडले नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वय उलटून गेले आहे, नाव साधारण अठरा ते पन्नास-पंचावन्नच्या आतच घेतात. पण नातू किंवा सून फॉर्म घेऊन आली तर तिला दोन गोष्टी विचारा. घरात सगळ्यांना सांगितलेस का? आणि मोबाइलचा नंबर बदलला तर संस्थेला कळवशील ना? आठ वर्षांनी बोलावणे येते आणि फोन बंद लागतो, असे होते. मन बदलले असेल तर नाव काढून घ्यायलाही एक फोन पुरतो, तो आजच करावा.