मेजावरील रणभूमि

बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवावे, त्यांच्यासाठीं मेजावर टेकड्या, ओढे व शेतें उभारावीं आणि एखादी जुनी लढाई फाशांच्या दानावर पुन्हां खेळावी, असा छंद पाश्चात्त्य देशांत अनेक प्रौढ गृहस्थांस आहे. एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' या पुस्तकांत अशा खेळाचे नियम सांगितले आणि खऱ्या युद्धापेक्षां हें लुटुपुटीचें युद्ध कितीतरी बरें असा अभिप्राय दिला. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें!

जेथें खरीं माणसें मेलीं तो प्रसंग करमणुकीचा विषय करावा काय, हा आक्षेप सहज सुचतो. पण तो आम्हांस फारसा बळकट वाटत नाहीं. युद्धावरचे पोवाडे आपण आवडीनेंच ऐकतों. दिवाळींत मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडणारीं आपलीं मुलें कोणाचा अपमान करीत नाहींत. मेलेल्यांचें चित्र मांडणारावर सत्याचें बंधन किती, हा प्रश्न मात्र आम्हांस अधिक अवघड दिसतो.

विल्यम सायबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे १८३० सालीं वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति करण्याचें काम आलें. ला हे सँत या तेथील शेतघरांत आठ महिने राहून त्यानें जमिनीचा चढउतार मोजला. लढाईंत असलेल्या अधिकाऱ्यांस पत्रें धाडून, १८ जून १८१५ रोजीं सायंकाळीं सात वाजण्याच्या सुमारास आपलें पथक कोठें होतें, समोर शत्रु कोण होता, इतकेंच नव्हे तर शेतांत पीक कोणतें उभें होतें, हेंही त्यानें विचारलें. १८३३ सालीं सरकारनें पैसा थांबविला, तेव्हां त्यानें कर्ज काढलें. १८३८ सालीं लंडनमध्यें ती प्रतिकृति लोकांस दाखविण्यांत आली. तींत ७०,००० हून अधिक धातूचे शिपाई होते.

परंतु त्या वेळीं फ्रेंचांच्या बगलेवर प्रशियन सैन्य मोठ्या संख्येनें आलें होतें असें ती दाखवीत होती, आणि वेलिंग्टनच्या बाजूच्या मंडळींस हें रुचलें नाहीं. पुढें सायबॉर्ननें हजारों प्रशियन आकृति काढून टाकल्या. हें दडपणामुळें कीं मत पालटल्यामुळें, याविषयीं इतिहासकारांत वाद आहे.

मत खरोखर पालटलें असेल तर त्याला दोष देतां येणार नाहीं. मर्जी राखण्यासाठीं तें झालें असेल, तर मात्र तो अपराध ग्रंथांतल्या असत्याहून वाईट असें आम्ही समजतों. ग्रंथकाराला 'बहुधा' म्हणण्याची सोय असते. शिपाई टेकडीवर उभा असतो किंवा नसतो. तो उचलला तरी मागें भोंक राहत नाहीं आणि पाहणारास सारी रणभूमि पूर्वीइतकीच पुरी दिसते.

कोटाच्या बाहीची किनार पिवळी कीं केशरी यावर तास तास भांडणाऱ्या छांदिष्टांस हंसणें सोपें आहे. आम्हांस ती काटेकोरी आवडते. फक्त, गुंड्यांचा रंग अचूक आहे एवढ्यावरून माणसांची मांडणीही अचूक असेलच असा भरंवसा वाटूं लागतो, तेथें सावध राहावें.

सायबॉर्नची ती प्रतिकृति लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्यें आहे. ज्या शेतांतलें पीकसुद्धां त्यानें विचारून घेतलें, तेथून हजारों माणसें उचलतांना त्याच्या मनांत काय आलें असेल, हें तिच्याकडे पाहून कळण्याजोगें नाहीं.